कासला गेलो, फोटो एकच काढला

आज भल्या सकाळी कास गाठलं. उशीर झाला की फुलांपेक्षा सेल्फीवालेच जास्त. ताईने चित्रांची वही हातात दिली आणि म्हणाली, "आज फक्त वायतुरा."

ही पाणवनस्पती शास्त्रीय नावात साताऱ्याला मिरवते, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. इतकी वर्षं पाहतोय, पण तुऱ्याला दोन फाटे नेमके कुठून फुटतात ते पेन्सिल टेकवल्यावरच दिसलं. फूल तोडायला इथे बंदी, आणि ते योग्यच आहे.

हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहात, दाबून वाळवलेला नमुना आकार टिकवतो, रंग मात्र बऱ्याचदा उडतो. चित्राची गरज तिथेच. हावड्याची शिबपूरची वनस्पती-बाग १७८७ सालची. तिथले अधीक्षक रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रं काढून घेतली. साहेबाचं नाव राहिलं, बहुतेक चित्रकारांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत! राग येतो.

माझं चित्र? ताई हसली, एवढंच सांगतो. पुढच्या खेपेला सीतेची आसवं हे फूल. तो निळा-जांभळा रंग जलरंगात कसा साधायचा, कुणी सांगेल का?