चिंचेला पंचनामा, माळाला जेसीबी

मे महिन्यात उत्तर सोलापूर तालुक्यात वनखात्याच्या कामानं एका बांधावरच्या चिंचेच्या पाहणीला गेलो होतो. मालकाला ती तोडायची होती. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत चिंच आहे, त्यामुळे झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी परवानगी लागते. सातबारा, सहहिस्सेदारांची संमती, पंचनामा. घेर छातीइतक्या उंचीवर घ्यायचा आणि तिथं गाठ असेल तर टेप गाठ चुकवून लावायचा. नवीन गार्ड नेमका गाठीवरच टेप लावतात, मग लाकूड कागदावर फुगतं.

आमचं हे चालू असताना शेजारच्या गटात जेसीबी माळ मोडत होता. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं, मधे तरवड आणि हेकळाची झुडपं. खाली वीतभर माती, मग मुरूम. असल्याच माळावर काळवीट चरतं आणि लांडगा पिल्लं वाढवतो. नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते माळढोक पक्ष्यामुळे. हा गट हद्दीबाहेरचा, खासगी. सातबाऱ्यावर त्याला 'पोटखराबा' म्हणतात, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. मुरमावर तळ्यातला गाळ ओतायचा, पाइपलाइन आणायची आणि ऊस लावायचा. याला आमच्या खात्याचा कुठलाच कागद लागत नाही.

टिटव्या डोक्यावर ओरडत होत्या, म्हणून बघायला गेलो. खडीत चार अंडी. वन्यजीव कायद्यात पाखराची अंडी फोडणं शिकारीतच धरलंय, एवढाच दोर माझ्या हातात होता. तो ओढला. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं खाटेएवढा तुकडा सोडून बाकीचं उलथलं.

वरिष्ठांना फोन केला तर म्हणाले, "तुम्ही झाडाचं बघा. गवत आपल्याकडं नाही." कायद्यानं त्यांचं बरोबरच आहे. पण आपल्याकडं हिरवं म्हणजे झाड, ही समजूत खात्यातच मुरलेली. माळ दिसला की रोपवनाचे खड्डे खणायचे, यात आम्हीही मागं नव्हतो.

चिंचेचा अर्ज अडकला. मालकाच्या बहिणीची सही राहिली होती.

निघताना पलीकडच्या गटाचे अण्णा मोटरसायकलला आडवे आले.

"सायेब, माझा बी चार एकर माळ हाय. मोडायचा तर अर्ज कुठं द्यायचा?"

"कुठंच नाही, अण्णा."

"मंग बरंय की," म्हणाले आणि तिथूनच जेसीबीवाल्याला हाक मारली.