शेपटीवरचा डोळा: मुडावदच्या संगमावर मरळीच्या मागे

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा खान्देशात गळ टाकायला बरा. तापीचं पाणी निवळलेलं असतं आणि ऊन अजून पेटलेलं नसतं. एप्रिलमध्ये याल तर मासा सोडा, आपणच तळून निघतो.

मी आणि मामा अमळनेरहून पहाटे मोटारसायकलने निघालो. बेटावद, मग मुडावद. इथे पांझरा तापीला मिळते. संगमावर कपिलेश्वराचं मंदिर आहे. घाटाच्या आसपास गळ टाकू नका, लोक अंघोळीला आणि दर्शनाला येतात. आम्ही मंदिरापासून बरंच लांब, पांझरेच्या अंगाने गेलो. तिथे गवत, बाभळीच्या बुडालेल्या फांद्या आणि मधे मधे गुडघाभर पाणी आहे. मरळीला आणखी काय हवं?

मरळ हा मासा हवा पितो. कल्ल्यांच्या वर डोक्यात तिला एक जागा असते, तिथे ती हवा भरून घेते. त्यामुळे दर थोड्या वेळाने तिला वर यावंच लागतं. गवताच्या कडेला पाणी हळूच फुगतं, एक बुडबुडा फुटतो, तिथे मरळ. काठावर बसून हे बघायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. पहिला अर्धा तास आम्ही दांडी पिशवीतून काढलीच नाही. मामा तर चहाचा थर्मास उघडून बसला होता.

आमिष म्हणून रबरी बेडूक लावला. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून गवतात अडकत नाही. साधी तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) इथे चालत नाही, मासा फांद्यांत शिरला की तुटते. विणलेला दोर घ्या. बेडूक बुडबुड्याच्या पलीकडे टाकायचा आणि उड्या मारत त्याच्यावरून ओढायचा. पाणी उसळलं की हात आवरा. लगेच हिसका दिला तर बेडूक रिकामा परत येतो. दोर जड लागला की मगच हिसका. मी पहिले तीन मासे असेच घालवले. मामा काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं मला पुरतं.

चौथा लागला. वीतभराहून थोडा मोठा, काळपट हिरवा, अंगावर धूसर डाग. मी जाहीर करून टाकलं, "डोक आहे, चांगला पोसलेला." डोक म्हणजे मरळीच्याच कुळातली लहान जात, वीतभराच्या आसपासच राहते. मासा ताजा राहावा म्हणून बादली काठोकाठ भरली, त्यात सोडला, वर झाकण घट्ट लावलं.

तासाभराने होडीवाले आप्पा आले. भोई आहेत, सगळा जन्म या पाण्यावर गेलेला. त्यांनी झाकण काढलं, मासा उलटा तरंगत होता. त्यांनी तो हातात घेतला, शेपटी बोटांनी पसरली आणि म्हणाले, "भाऊ, हाई डोक नही शे. मरळनं पिलू शे. शेपूट देख."

शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, काळा गोल ठिपका होता आणि त्याभोवती नारिंगी कडं. मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा. ही मोठी मरळ, शास्त्रीय नाव चन्ना मारुलियस. वाढली तर हाताएवढी नव्हे, मीटरभराहून लांब होते. आणि तो मेला होता बुडून. हवा पिणारा मासा काठोकाठ भरलेल्या बादलीत झाकण लावून ठेवला तर गुदमरतो, हे मला वाचून माहीत होतं. माहीत असून केलं, म्हणून जास्त लागलं. परत सोडायची सोयही उरली नव्हती.

तेव्हा ओळखायचं कसं, ते नीट सांगतो, कारण रंग इथे सरळ फसवतो. गढूळ पाण्यातला मासा फिका दिसतो, सावलीतला काळा, बाहेर काढल्यावर आणखी तिसराच.

आधी शेपूट पसरा. कडं असलेला डोळा दिसला की मोठी मरळ. मात्र मोठी झाल्यावर हा डोळा पुसट होतो, मग अंगावरचे मोठे काळे डाग आणि त्यांत विखुरलेले पांढरे ठिपके बघा. दुसरी, जिला शास्त्रात चन्ना स्ट्रायाटा म्हणतात, तिच्या कुशीवर तिरपे काळे पट्टे आणि पोट पांढरं. भोई तिलाही मरळच म्हणतात. ही साचलेल्या, चिखलाच्या पाण्यात जास्त सापडते. मोठी मरळ नदीच्या खोल डोहाची. डोकाच्या परांना (पोहायच्या पंखांना) मात्र तांबूस-नारिंगी किनार असते, आणि कल्ल्यामागचा गोल पर उघडला की त्यावर पंख्यासारखे आडवे पट्टे दिसतात. माझ्या माशाला यातलं काहीच नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

तरीही शंका राहिली तर पाठीवरच्या लांब पराच्या काड्या मोजा. डोकाला साधारण ३२ ते ३७, मोठ्या मरळीला ४५ ते ५५. पट्ट्यांची या दोघींच्या मधली, तिची वरची संख्या मोठीशी जुळते, म्हणून या दोन मरळींमध्ये नुसत्या मोजणीवर जाऊ नका. काड्या मोजायला वेडेपणा वाटेल. पण अलास्काच्या नद्यांत चार नावाचे थंड पाण्याचे मासे असतात (आकडा नव्हे, नावच तसं), त्यातले आर्क्टिक चार आणि डॉली व्हार्डन इतके सारखे की तिथले जाणकार कल्ल्यांतले कंगव्यासारखे दाते मोजतात. आपल्याला तर निदान मासा न फाडता मोजता येतं.

दुपारनंतर मामाला पट्ट्यांची एक लागली, दीड-दोन किलोची. ती अर्ध्या भरलेल्या बादलीत, वर ओलं पोतं टाकून नेली. झाकण लावलं नाही. मरळ उडी मारते, म्हणून पोतं सुतळीने बांधा.

आप्पांनी आणखी एक गोष्ट बजावली. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा गोळा फिरताना दिसला, तर त्याखाली मरळ असतेच. पिलांजवळ काहीही आलं की ती धावून चावते, म्हणून गळाला सहज लागते. "पोरेसनी माय शे ती, सोडी दे," ते म्हणाले. आई नेली की पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

जाणाऱ्यांसाठी किरकोळ: तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज झालेत, दरवाजे उघडले की त्यांच्या खालच्या अंगाला काठचं पाणी चढतं, तेव्हा सामान वर ठेवा. बऱ्याच पाण्यांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी गावात विचारा. शिंगाळा (मिशांचा काटेरी मासा) लागला तर पाठीवरचा आणि कल्ल्यामागचा काटा सांभाळा, त्याला करवतीसारखे दाते असतात. मरळीला काटा नाही, पण दात आहेत, म्हणून गळ काढायला पक्कड लागते. मी विसरलो होतो. मामाने स्वतःची दिली, वर एक नजरही दिली.

संध्याकाळी मामीने मामाची मरळ काळ्या मसाल्यात केली, सोबत कळण्याची भाकरी. माझं पिलू मीच साफ केलं. मांस असं कितीसं निघालं, दोन घास. त्याची शेपूट मी उन्हात वाळवून गळांच्या डबीत ठेवलीय. डोळा अजून दिसतो, कडं मात्र उडालं.