आमची वाटचाल : ट्रेडल, शनिवारची बैठक आणि ‘ळ’चा खण

१९८६ ला अंबाजोगाईत ट्रेडल, म्हणजे शिशाचे अक्षरखिळे जुळवून छापायचं मशीन, बसवलं तेव्हा लग्नपत्रिका अन् पावतीबुकावर घर चालायचं. गाव मुकुंदराजांचं, दासोपंतांचं, लिहिणारे कमी नाहीत, पण लिहिलेलं वाचून दाखवायला जागा नव्हती, ती आमच्या प्रेसमधे झाली. शनिवारी सातला, चहा आमचा. केज तालुक्यातले एक झेडपीचे गुरुजी शेवटच्या एसटीचा हिशोब करून यायचे. कुणाला ‘छान’ म्हणलेलं मी ऐकलं नाही. एकच विचारायचे, ‘ही ओळ काढली तर काय बिघडतं?’

एकदा एका पोराची दुष्काळावरची कविता कंपोझिटर मामा जुळवायलेत. आभाळ, कपाळ, ढेकूळ, बाभळ, सगळीकडं ळ. खिळे जुळवायची स्टिक हातात धरून मामा म्हणले, ‘ळ च्या खिळ्यांचा खण रिकामा झाला, दोन ओळी कमी करा.’ पोरगं रुसलं. गुरुजींनी त्याच्याकडून कविता तीनदा मोठ्यानं वाचून घेतली अन् तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच दोन ओळी गाळल्या. कविता उभी राहिली, मी डोळ्यानं पाहिलंय.

मधली वर्षं बरी गेली.

मग गल्लीच्या तोंडाला एकानं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी, टाकलं. पंधरा दिवसात पुस्तक, पैसे आधी. कविता वाचायची नाही, कवीला प्रूफ दाखवायचं नाही, आलं तसं छापायचं. आमच्या बैठकीतली चार पोरं तिकडं गेली, एकाच्या पुस्तकात तर एकच कविता दोनदा. त्या पोरानं पुढं लिहिणंच सोडलं, याचा राग माझा अजून गेला नाही. इकडं कामं तुटली, कागदवाल्याची उधारी थकली, शिशाचे खिळे किलोवर विकले, ळ चा खण तेवढा ठेवला. त्या महिन्यात गुरुजी अठरा वर्षं दाबून ठेवलेली वही घेऊन आले, पाच फर्म्यांचं (फर्मा म्हणजे साधारण सोळा पानं) पुस्तक, सगळे पैसे रोख पुढ्यात ठेवले. त्याच पैशात जुनं ऑफसेट मशीन उचललं.

नव्या पोरांना सांगतो, पुस्तकाची घाई करू नका, आधी वर्षभर चार जणांत बसून मोठ्यानं वाचा, अन् कौतुक करणाऱ्यापेक्षा अडवणाऱ्याशेजारी बसा.

गुरुजींचे गुडघे गेलेत, आता फोन स्पीकरवर ठेवतो. परवा एक पोरगी वाचत होती, तिसऱ्या ओळीला तिकडून आवाज आला, ‘थांब बाई, ती परत वाच.’