कॅमेऱ्यावरचा स्टिकर

"फोन दे," बाउन्सर म्हणाला. दिला. त्याने मागच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर चिकटवला, फोन उलटा करून सेल्फीच्या कॅमेऱ्यावर दुसरा, नखाने कडा नीट दाबल्या आणि फोन परत. बर्लिनच्या बऱ्याच क्लबांत हीच पद्धत. आत फोटो काढताना दिसलात की सरळ बाहेर.

आत थोडा वेळ हातांचं काय करावं तेच कळेना. मग लक्षात आलं, बायका किती बिनधास्त नाचतायत! शेजारी एकाने एकीला काहीतरी विचारलं. ती हसून नाही म्हणाली. "बरं, मजा कर," म्हणत तो काउंटरकडे गेला. बस्स. ना मित्रांचा गलका, ना पुन्हा खेप.

आणि मला आपला गोवा आठवला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या पर्यटन खात्याने सूचना काढली होती: इतर पर्यटकांचे फोटो, सेल्फी परवानगीशिवाय काढू नका, विशेषतः ते समुद्रात पोहत असताना किंवा ऊन खात पडलेले असताना. सरकारला हेही लिहून सांगावं लागतं, याचं आधी हसूच आलं. मग नाही आलं.

ती सूचना वाचून गोव्याला गेलेला एक तरी ग्रुप भेटलाय का तुम्हाला?