तीच गोळी परत? तुम्ही विचारलंत म्हणून

ज्यांना माझं आधीचं सगळं माहितीये ते फिरून फिरून एकच विचारतात, की बाई गं, ज्या गोळ्यांपायी तुझी वाट लागली त्याच गोळ्या आता डॉक्टर तुला कशा देतात, आणि तू घेतेस तरी कशी. काकूने विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, आणि व्यसनमुक्ती केंद्रात माझ्यासोबत असलेल्या एकीने तर परवा रात्री अकराला फोन करून विचारलं, कारण तिलाही आता एडीएचडीचं, म्हणजे लहानपणापासून लक्षच टिकत नाही त्या त्रासाचं, निदान झालंय आणि ती घाबरलीये. तिच्याशी तासभर बोलले तेच इथे लिहितेय.

मी व्हिडिओ एडिटिंग करते, पुण्यात. 2017 ला सोबत काम करणाऱ्या एकाकडे मिथाइलफेनिडेटची, म्हणजे एडीएचडीवरच्या उत्तेजक गोळ्यांची, स्ट्रिप असायची, त्याला एडीएचडी होतं, औषध त्याच्या नावाचं होतं. डेडलाइनच्या रात्री त्याने मला एक दिली. मग मी मागायला लागले, मग न विचारता त्याच्या बॅगेतून काढायला लागले, मग एकीच्या जागी तीन. तिथून एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे नशेचं ड्रग, दोन वर्षं. वजन 41 किलो झालं होतं आणि आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, बाकीचं लिहीत नाही. 2021 मध्ये पाच आठवडे केंद्रात राहिले आणि तेव्हापासून एमडीला हात लावलेला नाही.

पण सोडल्यावर सगळं सुरळीत होईल असं जे वाटलं होतं ते झालंच नाही. दूध गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत गेले की गेलेच, लाइट बिल भरायचं डोक्यात असूनही तीन महिने राहिलेलं, समोरचा बोलतोय आणि मला पहिलं वाक्य सोडून काही आठवत नाही. मला वाटायचं एमडीने माझा मेंदू जाळलाय आणि आता हे असंच राहणार. एका डॉक्टरांकडे गेले, खरं सगळं सांगितलं, तर त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले तुमच्यासारख्यांना ही औषधं मागायला निमित्तच हवं असतं. त्यानंतर आठ महिने मी कुठेच गेले नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, स्वतःसाठी कमी आणि जे तिथूनच परत गेले आणि परत कधी आलेच नाहीत त्यांच्यासाठी जास्त.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. कारण असं, की एडीएचडी असेल तर त्याची लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि व्यसन सोडल्यानंतरचे पहिले महिने माणूस वरून अगदी तसाच दिसतो, झोप नाही, लक्ष नाही, चिडचिड. ताई माळ्यावर चढली आणि चौथीचं पुस्तक सापडलं. बाईंचं निळ्या शाईतलं गोलगोल अक्षर, "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते, वस्तू वारंवार हरवते." मी नऊ वर्षांची होते तेव्हा. ते वाचून मी माळ्याच्या शिडीखाली बसून रडले, म्हणजे एमडीच्या कितीतरी आधीपासून हे होतं.

मग युरिन टेस्ट, बीपी, ईसीजी. लगेच मिथाइलफेनिडेट नाही दिलं, आधी अॅटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक नाही, त्याने किक बसत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना बरेचदा आधी तेच देऊन बघतात. पण ते आज घेतलं उद्या लागू पडलं असं नसतं, काही आठवडे धीर धरावा लागतो. मला थोडा फरक पडला पण मळमळ आणि धडधड काही केल्या जाईना, चार महिन्यांनी थांबवलं. कित्येकांचं त्याच्यावरच छान चालतं, ते कमी प्रतीचं औषध आहे असं समजू नका.

आणि मग ती गोळी. डॉक्टरांना मी थेट विचारलं, हे तेच आहे ना? ते म्हणाले हो, औषध तेच आहे, पण फरक डोसाचा आणि मेंदूत ते किती वेगाने पोचतं त्याचा. डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाची जाणीव देणारं रसायन, झपकन वर गेलं की नशा होते, सावकाश चढून टिकून राहिलं की तोच मेंदू कामाला लागतो, म्हणून हळूहळू सुटणारी लाँग अॅक्टिंग गोळी, आणि डोस अगदी खालचा. मी नंतर वाचलं, स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटायला आलेल्या 54 पुरुषांवर अभ्यास झाला होता, 2014 ला छापून आला, सगळे अॅम्फेटामिन या उत्तेजक ड्रगचे व्यसनी आणि सगळ्यांना एडीएचडी. ज्यांना देखरेखीखाली मिथाइलफेनिडेट दिलं त्यांची लक्षणंही कमी झाली आणि त्यांच्या लघवीत ड्रग्जही कमी वेळा सापडले. म्हणजे सगळ्यांचं असंच होईल असं नाही, पण व्यसन होतं म्हणून उपचारच नको हे बरोबर नाही.

हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत केमिस्ट दोन वर्षं ठेवून घेतो. बरेच केमिस्ट ते ठेवतच नाहीत. आम्ही ठरवलं की औषध ताई आणणार आणि तिच्याच कपाटात राहणार, दर रविवारी ती स्ट्रिपमधून सात गोळ्यांचा तुकडा कापून देणार.

पहिली गोळी तिच्या स्वयंपाकघरात घेतली. फॉइल फुटल्याचा तो बारीक आवाज ऐकला आणि माझ्या तळहाताला घाम फुटला, शरीराला सगळं आठवत होतं, आता काहीतरी होणार म्हणून मी वाट बघत बसले. काहीच झालं नाही. ताईने समोर मटार टाकले सोलायला. तासा-दीड तासाने बघते तर दोन किलो मटार सोलून झालेले, मी एकदाही उठले नव्हते, फोनही बघितला नव्हता, आणि ताई कधीपासून ओट्याशी नुसती उभी होती माझ्याकडे बघत.

इच्छा होतच नाही असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या महिन्यात क्लायंटने एक काम तिसऱ्यांदा परत पाठवलं त्या रात्री दोन घ्याव्याशा वाटल्या, खूप वाटल्या. मी ताईला फोन केला, ती रिक्षाने आली आणि उरलेल्या गोळ्या घेऊन गेली, मग दोन आठवडे रोज सकाळी ती एक आणून द्यायची. डॉक्टरांनाही सांगितलं. औषध बंद करतील या भीतीने लपवणार होते खरं तर, पण ते म्हणाले हे सांगितलंत म्हणूनच मी पुढे देऊ शकतोय.

त्या मैत्रिणीलाही मी हेच सांगितलं, की डॉक्टरांना सगळं सांग, किती, काय, शेवटचं कधी, आणि ऐकून फाइल मिटली तर दुसरीकडे जा, माझ्यासारखे आठ महिने घालवू नकोस. दुसऱ्या कुणाच्या गोळीने घरी प्रयोग तर अजिबात नको. रात्रीबेरात्री तलफ आली आणि कुणीच फोन उचलला नाही तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. ती शुक्रवारी चाललीये डॉक्टरांकडे, तिचंही चौथीचं पुस्तक शोधणं चालू आहे गावाकडे. मी सोबत जाणार आहे.