कांद्याच्या वाफ्यात डेंगळे: मार्चअखेरची नोंद

70 पैकी 19. यंदा जाडजूड रोपांच्या वाफ्यात एवढ्या कांद्यांना डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आले. शेजारच्या वाफ्यात 55 रोपं होती, तिथे फक्त 2. माती तीच, शेणखत तेच, पाणी एकाच पाइपाचं.

चूक माझीच. एन-2-4-1 हे उन्हाळ कांद्याचं वाण. त्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, मी गणपती उठल्या उठल्या सप्टेंबरातच टाकून मोकळी झाले. मग दिवाळी, पाहुणे, कंबरदुखी. लावणीला नोव्हेंबरची 28 तारीख उजाडली. पन्नासेक दिवसांचं लावायचं ते रोप तोवर सत्तरी ओलांडून गेलेलं, काही तर पेन्सिलीएवढी जाड. मला काय आनंद! निवडून निवडून जाडी रोपं पुढच्या, उन्हाच्या वाफ्यात लावली. किरकोळ, काडीसारखी उरली ती फेकवेनात म्हणून मागे खुपसली.

जानेवारीत नाशिकला इंदिरानगरात पहाटे गच्चीवर उभं राहवत नव्हतं. निफाडकडे तर विचारूच नका. कांदा मुळात दोन वर्षांचं झाड, आधी कांदा पोसायचा आणि मग फुलायचं. रोप अंगानं भरलेलं असताना बरेच दिवस गारठा लागला, की ते एक वर्ष सरलंच असं धरून फुलायला निघतं. काडीएवढ्या रोपाला तीच थंडी फारशी कळत नाही. म्हणजे ज्यांचं कौतुक केलं तीच फसली.

6 फेब्रुवारीला पहिला डेंगळा दिसला. आधी वाटलं, पातच जाड आलीये. पण पात एका बाजूनं चपटी असते, हा चांगला गोल, खालच्या भागात फुगीर, आणि टोकाला पांढुरक्या पापुद्र्यात गुंडाळलेली चोच. त्याच दिवशी दिसले तेवढे मोडले. कट्ट असा आवाज येतो, आत पोकळ नळी. डेंगळा मोडला की कांदा सुधारतो असं पुष्कळजण सांगतात. माझा अनुभव: थोडा पोसतो, पण मधला दांडा तसाच राहतो. एक उपटून उभा चिरला, तर मधोमध हिरवट, चिवट काडी. असा कांदा टिकत नाही, काडीच्या बाजूनं सडायला लागतो. त्यामुळे डेंगळेवाले सगळे आधी उपटून खायला काढले. कोवळ्या डेंगळ्यांची लसूण घालून, बेसन पेरून भाजी केली. जून झालेले घेऊ नका, दोरी चावल्यासारखं लागतं.

तीन मात्र मुद्दाम ठेवलेत. पांढरे गोंडे फुललेत आणि सकाळी दहानंतर त्यांच्यावर मधमाश्यांची नुसती झुंबड. मी म्हटलं, घरचं बी होईल. माझ्या सासूबाईंचं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यांनी लगेच अडवलं: "अगं, डेंगळ्याचं बी धरशील तर पुढच्या वर्षी वाफाभर डेंगळेच मोजशील." खरंच आहे. बियाण्यासाठी कांदाचाळीत साठवलेले एकसारखे, न फुललेले कांदे निवडून ते गोट ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा लावतात. आपोआप फुललेल्याचं बी धरणं म्हणजे तीच खोड निवडून ठेवणं. तेव्हा हे तीन गोंडे मधमाश्यांचे.

आता मागच्या वाफ्यात निम्म्याहून जास्त माना पडल्यात, म्हणजे पात कांद्यालगत वाकून आडवी झालीये. पाणी दोन आठवड्यांपूर्वीच तोडलंय. रविवारी काढणी. तीन दिवस पातीसकट वाफ्यातच पसरायचे, एकाच्या पातीनं दुसऱ्याचा कांदा झाकून. मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत. गेल्या वर्षी मान मुळापासून छाटली होती, जूनमध्ये कोपऱ्यातून वास आल्यावर कळलं.

यंदा उळं टाकायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये, 20 ऑक्टोबर. सासूबाईंनी तिच्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय, "त्याआधी पाकीट फोडायचं नाही."