तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी माणसं तुरुंगात कोंबता कशी?

आमराई बागेत फिरताना कोणी ना कोणी हे विचारतंच. सांगलीत तुरुंग म्हटलं की लोकांना १९४३ सालची वसंतदादांची तटावरची उडी आठवते. रात्री आत कोण कुठे झोपतं, ते कुणाला ठाऊक नसतं. मी तुरुंगात हवालदार होतो. कुठल्या, ते लिहीत नाही.

आम्ही कोंबत नाही हो. कोर्टाचं वॉरंट घेऊन पोलीस फाटकावर आले की माणूस घ्यावाच लागतो. ‘जागा नाही’ म्हणायची सोय तुरुंगाला नाही. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा लिहिली आहे. आमच्याकडे माणसं कुशीवर झोपायची. एकाने कूस बदलली की अख्खी ओळ हलायची. नवा आला की संडासाच्या दाराशी. ही वाटणी जुने बंदी करतात. आम्ही ती मोडत नव्हतो, हेही खरं. भरल्या बराकीवर रात्री एकटा शिपाई असला की भांडण न होणं हेच मोठं वाटतं.

त्या दाराशी एक ऊसतोड मजूर होता. चोरीचा आळ. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कोण राहणार? सातबारा असलेला माणूस त्याच्या ओळखीत नव्हता आणि टोळी पुढच्या फडावर गेलेली. रात्री येणारा-जाणारा त्याला ओलांडून जायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसूनच झोपायचा. पाय सुजले होते. बायको तान्ह्या पोराला घेऊन मुलाखतीला आली. जाळीपलीकडून मलाच म्हणाली, “कोर्टानं सोडलंय म्हणत्यात, मग तुम्ही का धरून ठेवलंय, साहेब?” मी जामीनदार, बंधपत्र, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि पोराचा हात जाळीला लावत होती. आतून त्याने बोट पुढे केलं. वेळ संपली. मीच “चला” म्हणालो. ते म्हणणं माझंच काम होतं.

जामिनाचा आदेश होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या यंत्रणेला, कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं. त्याच वर्षी गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची केंद्राची योजना आली. तो मजूर त्याआधीचा.

नोकरीत नवा होतो तेव्हा म्हणायचो, केलंय तर भोगू दे. ज्यांचं घर फुटलं त्यांचं ऐकलं की आजही तसंच वाटतं. पण त्याने केलं होतं की नाही, हे तेव्हा कोर्टानेही ठरवलं नव्हतं.